न पाहिलेल्या पायऱ्या

आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या ज्या औषध कारखान्यात मी काम करतो, तिथे एकटा माणूस कुठलंच काम पुरं करू शकत नाही. एकानं पावडर तोलायची, दुसऱ्यानं शेजारी उभं राहून काट्यावरचा आकडा पाहायचा, मग दोघांनी कागदावर सही करायची. पहिल्याची सही म्हणजे ‘मी केलं’. दुसऱ्याची म्हणजे ‘मी पाहिलं’. माझी नोकरी या दुसऱ्या सहीची आहे.

पहिल्याच वर्षी मी एकदा न पाहता सही केली होती. सहकारी भला होता, आकडा बरोबरच होता. तरी आमची आयरिश सुपरवायझर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली पन्नाशीची बाई, कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि आवाज न चढवता म्हणाली, “डिड यू सी इट?” मी म्हटलं, आकडा बरोबर आहे. ती म्हणाली, ते मी विचारलं नाही. मग तिनं मला चूक दुरुस्त करायला शिकवलं. खोडायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही, कागद फाडायचा तर नाहीच. चुकीच्या शब्दांवर एकच आडवी रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते, कारण, सही, तारीख. “चूक झाली तर झाली,” ती म्हणाली, “दिसू दे, म्हणजे ग्रँड.” ग्रँड म्हणजे इकडे नुसतं ‘ठीक’.

हे सगळं मला येत होतं. तरीही २०२१ च्या मे महिन्यात मी न पाहता दुसरी सही केली. ती कारखान्यातली नव्हती. तिच्यामुळे एका निवृत्त चित्रकला शिक्षकाचा शब्द त्यांच्याच गावात खोटा पडला, आणि त्यांची मुलगी, जी इथे माझी आणि माझ्या बायकोची सर्वांत जुनी मैत्रीण होती, तिनं आमच्या घरी येणं सोडलं. मी फार बोलणारा माणूस नाही. न बोलण्याचा मला फायदाच होत आला. आता सांगतो.

आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल. नोव्हेंबर २०२०. कोरोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम होता. आमच्या मराठी मंडळाची दिवाळी पडद्यावर होती. मी मंडळाचा सचिव. अध्यक्ष डब्लिनला, चेरीवूडच्या एका मोठ्या ऑफिसात मॅनेजर. उत्साही माणूस, हात घातला की काम होतंच असा. त्यांना मुलांची किल्ल्यांची स्पर्धा घ्यायची होती. परसातली चिकट काळी माती, वरून रिपरिप, पेरलेले हळीव थंडीत उगवायलाच तयार नाहीत. कुणी हळिवाचं ताट उचलून रेडिएटरवर ठेवलेलं. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीनं “लास्ट टाइम, ओके?” म्हणत एक गड रचला आणि बुरुजांवर लेगोचे मावळे उभे केले.

परीक्षक म्हणून मैत्रिणीचे वडील होते. मैत्रीण कॉर्कच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. एका लहानशा, कुणाला फारसं माहीत नसलेल्या गडाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी गडाची चित्रं काढली. त्यांनी कुणाला गुण दिले नाहीत. प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला, “बाळ, तुझ्या गडावर पाणी कुठंय?”

कुणाच्याच गडावर पाणी नव्हतं.

“तोफा आहेत, झेंडा आहे, अन् प्यायचं काय? असा गड दोन दिवसांत पडतो बघ.”

मुलं हसली. मग मास्तरांनी फोन उचलला आणि भिंतीवर लावलेली चित्रं दाखवली. गडाच्या माथ्यावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आणि त्यात उतरणाऱ्या बत्तीस पायऱ्या. प्रत्येक पायरीचं वेगळं चित्र होतं. पाचव्या पायरीला मधोमध खळगा. पाणी भरणाऱ्या बायका तिथे क्षणभर घागर टेकवायच्या, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या काही पायऱ्या अलीकडच्या वर्षांत गाळात बुडाल्या होत्या. ते आणि गावातली चार माणसं दर रविवारी पाट्यांनी गाळ काढत होती. माझी मुलगी, जिच्या कानावरून माझं मराठी वाऱ्यासारखं जातं, ती पडद्याजवळ सरकून बसली होती.

त्या दिवशी लोक हेलावले. दोर, कप्पी, गाळ वाहायची मजुरी, एवढं तर आपण देऊ शकतो, असं ठरलं. मास्तरच तयार नव्हते. “पैसा आला की पैशामागनं माणसं येतात,” ते म्हणाले. शेवटी त्यांच्या मुलीनंच त्यांना राजी केलं. त्यांनी एकच अट घातली: गाळ काढायचा, पायऱ्यांना हात लावायचा नाही. आणि तोच शब्द त्यांनी गावाला दिला. देवळात बसून सांगितलं की माझ्या मुलीची माणसं आहेत, गडाच्या दगडाला कुणी शिवणार नाही.

फेब्रुवारीत महाराजांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. अध्यक्षांनी तिकडच्या एका पुढाऱ्यांना पडद्यावर बोलावलं. फेटा, मागे मोठा पडदा, बाजूला उभी माणसं. त्यांनी वारसा या शब्दावर बराच वेळ घेतला. गडाचं नाव आलं तेव्हा मात्र बाजूनं चिठ्ठी पुढे झाली आणि त्यांनी ती वाचली. शेवटी त्यांनी जाहीर केलं की त्यांचं प्रतिष्ठान या कामात आमच्या बरोबरीनं पैसे घालेल, परवानग्या आणेल, काम करून देईल.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन. “अरे, त्याला गडाचं नावसुद्धा पाठ नव्हतं!”

“पुढाऱ्यांना शंभर कामं असतात.”

“मग शंभरात हे एकशे एकावं कशाला? बाबा आणि चार माणसं पुरेशी आहेत. नाही म्हणा त्यांना.”

“कमिटीत मांडतो,” मी म्हटलं.

मांडलं नाही. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “यार, फुकट मोठं नाव मिळतंय, परवानगीची कटकट मिटतेय, और क्या चाहिए?” पडद्यावर एकेक पिवळा हात वर झाला. मीही बटण दाबलं. मैत्रीण कमिटीत नव्हती, त्या दिवशी ड्यूटीवर होती. तिला मी सांगितलं, “एकमतानं ठरलं.” खोटं नव्हतं. पण तिचं मत मी खिशात ठेवून आलो होतो, हे मला माहीत होतं.

आणि मग एप्रिल आला.

तिकडे काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवत असेल. माझी आई आणि धाकटा भाऊ जिल्ह्याच्या गावी राहतात. आईला ताप आला, मग धाप. मैत्रीण रोज ड्यूटीला जाण्याआधी भावाला व्हिडिओवर घ्यायची. “काकूंना पालथं झोपवा. बोट गरम करा आधी, मग मशीन लावा. आता आकडा सांगा.” एका सकाळी आकडा ऐकून तिनं चेहरा हलू दिला नाही, भावाला म्हणाली, “बॅग भरून ठेवा,” आणि फोन ठेवला. आमचे सकाळचे आठ, तिकडे साडेबारा.

गावात बेड नव्हता. भाऊ दारोदार फिरत होता आणि मी इथे स्वयंपाकघरात उभा होतो. प्रेस उघडत होतो, बंद करत होतो. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आमच्या घरातही आता तोच शब्द आहे. शेवटी मी अध्यक्षांना फोन लावला. कुणाकडे काही मागण्याची मला लाज वाटते, पण त्या दिवशी मी रडलो. ते भले माणूस, म्हणाले, “टेन्शन नको, साहेबांच्या पीएला लावतो.” साहेब म्हणजे फेब्रुवारीतले ते पुढारी. अकराच्या सुमारास पीएचा फोन आला. “काम झालं. साहेबांनी स्वतः शब्द टाकला.” पाच मिनिटांत भावाचा फोन. “दादा, बेड मिळाला. हॉस्पिटलमधून सांगितलं, घेऊन या.”

आई तेरा दिवसांनी घरी आली. भावानं साहेबांचा फोटो देवघराशेजारी लावला. मला ते विचित्र वाटलं नाही. मीही मनातल्या मनात लावला होता.

संध्याकाळी मी मैत्रिणीला कळवलं, बेड मिळाला. तिनं लिहिलं, “बरं झालं रे. झोप आता.” साहेबांचं मी तिला सांगितलं नाही. तिचं आणि साहेबांचं जमणार नाही, उगाच कशाला, असं वाटलं.

मेच्या अखेरीस प्रतिष्ठानकडून एक कागद आला. ‘काम पूर्ण झाल्याचा दाखला.’ मंडळाची रक्कम प्रतिष्ठानला सोडण्यासाठी हवा होता. त्यात छापलं होतं: सदर काम मी प्रत्यक्ष तपासले असून ते समाधानकारक आहे. खाली जागा माझ्या नावासाठी, पुढे ‘तज्ज्ञ अभियंता, आयर्लंड’. अध्यक्ष म्हणाले, “तू क्वालिटीवाला, तुझ्या सहीला वजन आहे.” मी म्हटलं, आधी फोटो तर पाठवा. दोन आले. दोन्हींत दुरून दिसणारा डोंगर आणि समोर सिमेंटची एक कमान. टाकं कुठल्याच फोटोत नव्हतं.

मला फसवलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तसं ते नव्हतं. टाकं फोटोत नाही, हे मी पाहिलं. पाहणं हा माझा धंदा आहे. मे महिन्यात मी रिंगास्किडी सोडून कुठे गेलो नव्हतो, हे कोणीही सांगू शकलं असतं, आणि कागदावर ‘प्रत्यक्ष’ लिहिलं होतं. मी पीएला फोन करून विचारणार होतो. तेवढ्यात त्याचाच फोन आला. कामाबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. म्हणाला, “आईसाहेबांची तब्येत कशी आहे? साहेब विचारत होते.”

मी सही केली.

जूनमध्ये मैत्रिणीनं फोटो पाठवले, मास्तरांनी काढलेले. पायऱ्या पहारीनं फोडल्या होत्या. वरच्या काही सोडून बाकी सगळ्यांवर सिमेंटचा घसरगुंडीसारखा उतार, बाजूला लोखंडी पाइपचा कठडा, त्याला भगवा रंग. गाळ तसाच. पाचवी पायरी दिसत नव्हती. पायथ्याच्या कमानीवर साहेबांचा चेहरा आणि खाली ‘आयर्लंडस्थित मराठी बांधवांच्या सौजन्याने’. शेवटचा फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीचा. तिथे काचेच्या चौकटीत माझा दाखला.

तिनं लिहिलं होतं, “ही सही तुझी नाही ना? कुणीतरी केलीय ना?”

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, “भेटून बोलू.” भेटलो नाही.

जुलैत रविवारी दुपारी मंडळाची वार्षिक सभा होती, पडद्यावरच. साहेब पाहुणे, त्यांचे आभार मानायचे होते. सभा मी चालवत होतो, म्हणजे कुणाचा आवाज चालू आणि कुणाचा बंद, ती बटणं माझ्या हातात. आभाराच्या आधी तिनं हात वर केला. मी बोलू दिलं. नाही म्हणायला कारण नव्हतं.

“सचिवसाहेब,” ती म्हणाली. एरवी हे ती चिडवायला म्हणायची आणि पुढे ‘अरे’ असायचं. “एक विचारायचं आहे. पायऱ्यांना हात लावायचा नाही, असं आपण गावाला सांगितलं होतं. त्या फोडल्या गेल्या. माझ्या वडिलांना लोक चौकात थांबवून विचारतात, मास्तर, शब्द दिला होतात ना? बाबा ग्रामपंचायतीत विचारायला गेले की त्यांना तुमच्या सहीचा दाखला दाखवतात, परदेशातल्या तज्ज्ञानं पास केलंय म्हणून. तर अहो, तुम्ही काय पाहून सही केलीत?”

पडद्याच्या कोपऱ्यात अध्यक्षांचा खासगी निरोप उमटला. ‘म्यूट कर तिला. साहेब बसलेत.’

साहेब हसतमुखानं बसले होते. मला आईची आठवण झाली. खोटं कशाला बोलू, आईपेक्षा स्वतःची आठवण जास्त झाली: ‘काय पाहून’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बटण दाबलं.

तिचे ओठ थोडा वेळ हलत राहिले. मग तिला कळलं. तिनं पुन्हा हात वर केला नाही, सभा सोडूनही गेली नाही. फोडलेल्या पायऱ्यांचा एक छापलेला फोटो तिनं कॅमेऱ्यासमोर धरला आणि साहेबांचं भाषण संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. इतक्या चौकटींमध्ये एका चौकटीत चेहरा नव्हता, फक्त सिमेंट. एक हात दुखला की ती तो दुसऱ्या हातात घ्यायची. सगळ्यांचे आवाज मीच बंद केले होते, पण चालू असते तरी बोललं असतं कोण, देव जाणे.

माझी मुलगी चहाचा मग घेऊन दारात उभी होती. “बाबा, डिड यू जस्ट म्यूट हर?”

“नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे,” मी म्हटलं.

“राइट,” ती म्हणाली. आयरिश लोक विश्वास बसला नाही की जसं म्हणतात, तसं.

त्यानंतर मैत्रीण आली नाही. बायकोनं दोनदा फोन केला. तिच्याशी ती नीट बोलली, माझी चौकशी केली नाही. बायकोनं मला काही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याचीही पद्धत आहे, आणि ती मीच पाडलेली.

सप्टेंबरमध्ये आईचा व्हिडिओ फोन आला. तब्येत छान, गाल भरलेले. म्हणाली, “आरं, इकडनं कोण येणार हाय का? त्या तुझ्या डाक्टर मैत्रिणीला मेतकूट धाडायचंय.”

“तिला कशाला?”

“कशाला म्हंजी? तिनं बेड मिळवून दिला न्हवं का मला.”

मी म्हटलं, आई, बेड साहेबांनी दिला.

“कुनी सांगितलं तुला? दवाखान्यातली मोठी डाक्टरीण माझ्याशी रोज बोलायची की. ही तुझी मैत्रीण अन् ती, दोघी एका वर्गातल्या. हिनं दुपारीच फोन करून सांगून ठेवलं हुतं, पयला बेड मोकळा झाला की माझ्या काकूला. त्या सायबाच्या मानसाचा फोन मागनं आला. ती म्हनली, अहो, नाव कवाच लागलंय. तर म्हनला, बरं बरं, मग आम्ही घरी कळवतो.” आई हसली. “कळवायला तेवढा पुढं.”

“मग देवाशेजारी फोटो?”

“त्यो तुझ्या भावानं लावलाय. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, भिंतीला डाग हाय तितं.”

फोन ठेवल्यावर मी एप्रिलच्या त्या दिवसाच्या फोनच्या नोंदी उघडून पाहिल्या. वेळा पाहणं मला जमतं. आठ वाजता ‘बॅग भरून ठेवा’ म्हणत तिनं फोन ठेवला होता, तो त्या डॉक्टरणीला लावायलाच. अध्यक्षांना मी फोन केला साडेनऊला. दीड तास आधीच माझं काम झालेलं होतं. कुणाच्या उपकाराखाली मान वाकवायची, तेही मी न पाहताच ठरवलं होतं.

त्या शनिवारी ती कॅरिगलाइनहून क्रॉसहेवनच्या वाटेनं चालायला जाते हे माहीत असल्यानं मी तिथे जाऊन उभा राहिलो. जुन्या रेल्वेमार्गाची वाट, एका बाजूला खाडी. ओहोटी होती, नुसता चिखल आणि पक्षी. ती आली. मला पाहून थांबली नाही, पण चालही वाढवली नाही. मी शेजारून चालत सगळं सांगितलं. दाखला, फोटोत नसलेलं टाकं, पीएचा फोन, म्यूटचं बटण, बेड. इतकं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

ती म्हणाली, “म्हणजे विकले गेलात ते गेलात, तेही चुकीच्या गिऱ्हाइकाला.”

“तू मला बेडचं सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“काय सांगायचं? माझ्या ओळखीनं काकूंचं नाव वर गेलं, आणि ज्याचं खाली आलं तो कोण हे मला माहीत नाही? रिक्षात बसून होती माणसं त्या हॉस्पिटलच्या बाहेर. मी डॉक्टर आहे. ते सांगण्यासारखं होतं?” तिनं आता चाल वाढवली. “तुम्हाला साहेब निदान सांगता तरी आले. मला तेही नको होतं.”

समोरून कुत्रा घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले, “लव्हली मॉर्निंग, थँक गॉड,” म्हणाले. आम्ही दोघांनीही सवयीनं “लव्हली,” म्हटलं.

“बाबा आता गडावर जात नाहीत,” ती म्हणाली. “रविवारी दार लावून घरात बसतात. चित्रं उतरवून ठेवलीत. विचारलं तर म्हणतात, मी सांगितलं होतं लोकांना, माझी मुलगी खोटं बोलत नाही. ते माझ्यामुळे खोटे पडले, आणि मी तुमच्यामुळे. माफी मला नका मागू. तो कागद तिकडे भिंतीवर आहे, त्याचं काय करता ते बघा.”

पुढच्या फाट्यावर ती वळली. मी परत फिरलो.

घरी येऊन मी दाखल्याची प्रत छापली. ‘सदर काम मी प्रत्यक्ष तपासले असून ते समाधानकारक आहे’ या ओळीवर पट्टी ठेवून एक रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी लिहिलं: ‘मी हे काम पाहिलेले नाही. मास्तरांनी गावाला दिलेला शब्द खरा होता. तो मंडळाने आणि प्रतिष्ठानने मोडला, आणि मी त्यावर सही केली. कारण: उपकाराच्या दडपणाखाली होतो. चूक माझी.’ सही, तारीख. खाली मोबाइल नंबर. मुलगी मागे येऊन उभी होती. तिला मराठी वाचता येत नाही. “व्हॉट डझ इट से?” म्हणाली. मी वाचून दाखवलं, मग इंग्रजीत सांगितलं. नेटवर्कचंही सांगितलं. ती म्हणाली, “आय न्यू, लाइक,” आणि लिफाफे आणायला गेली.

प्रती ग्रामपंचायतीला, प्रतिष्ठानला आणि मास्तरांना टपालानं, मंडळाच्या सगळ्या सभासदांना ग्रुपवर गेल्या. अध्यक्षांनी तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. आधी फोन मात्र केला. आवाजात राग कमी आणि दुखावल्याचं जास्त होतं. “तुझ्या आईसाठी मी धावलो, आणि तू हे?” ते खरोखरच धावले होते. भाऊ म्हणाला, “दादा, तुला तिकडे बसून सोपं आहे. उद्या आई पुन्हा आजारी पडली तर मी कुठल्या दारात जाऊ?” साहेबांकडून काहीच आलं नाही. कमान उभी आहे. मंडळातल्या तिघांनी मला वेगवेगळं, गुपचूप लिहिलं की बरं केलंस. सभेत त्यांच्याही चौकटी होत्या.

मैत्रिणीकडूनही काही आलं नाही. ते येईल असं मी धरलेलं नाही.

दिवाळीच्या आधी एका अनोळखी नंबरवरून आवाजाचा निरोप आला. मास्तर होते. मागे वारा जोरात होता, त्यामुळे पहिलं वाक्य दोनदा ऐकावं लागलं.

“कागद मिळाला. ग्रामपंचायतीत तुमच्या चौकटीशेजारी चिकटवला मी. सरपंचांनी काढला. दुसऱ्या दिवशी परत लावला. पुन्हा काढला. झेरॉक्सच्या वीस प्रती आणल्यात तालुक्याहून, बघू कोण दमतंय ते. लोक वाचतात. चौकात आता मला थांबवत नाहीत, तिकडं वाचत थांबतात.” मध्ये धाप. ते चढत असावेत. “पायऱ्या गेल्या त्या गेल्या, तुमच्या या दुसऱ्या सहीनंही त्या येत नाहीत. वरच्या सात राहिल्यात. पाचवी त्यात धरलीय मी, पण वर सिमेंटचा थर आहे, छिन्नीनं हळूहळू निघतोय. आतापर्यंत तळहाताएवढा खळगा मोकळा झालाय.”

मी लिहून विचारलं, मी काही करू शकतो का. पैसे हा शब्द लिहिला आणि पाठवण्याआधी काढला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी मला नातेवाईक, साहेब, तज्ज्ञ, यांतलं काहीच म्हटलं नव्हतं.

“सुट्टी काढून या. न बघता सही केलीत, आता बघून जा. येताना हातमोजे आणा, तिकडं चांगले मिळतात म्हणे.”